मालकीचा धर्म : स्वतंत्र पक्षाचा प्रश्न आणि खानदेश

स्वतंत्र पक्षाची घोषणा ४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये झाली आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये तो चौधरी चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. आयुष्य जेमतेम पंधरा वर्षांचे. तरी १९६७ च्या लोकसभेत ४४ जागा मिळवून तो विरोधकांमधला सर्वांत मोठा पक्ष ठरला होता. या पक्षाची हकिकत बहुधा अर्थकारणाच्या अंगाने सांगितली जाते. 'परमिट-लायसन्स राज' हा चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांचा शब्द आज तो कोणाचा हे ठाऊक नसणारेही वापरतात. पण पक्षाच्या मुळाशी जो प्रश्न होता तो अर्थशास्त्राहून पुष्कळ जुना आहे. माणूस ज्याला 'माझे' म्हणतो त्याला काही मर्यादा असावी, हे धर्म, नीती आणि कायदा या तिघांनाही मान्य आहे. ती मर्यादा घालायची कोणी? राज्याने कायदा करून, की मालकाने स्वतःच्या धर्मबुद्धीने? स्वतंत्र पक्षाने दुसरा पर्याय निवडला. खानदेशात हा पक्ष कधी रुजला नाही. मात्र ज्या ठरावावरून त्याचा जन्म झाला त्याचे एक मूळ फैजपुरात आहे, आणि त्याने निवडलेल्या उत्तराची परीक्षा जळगाव-धुळ्याच्या शिवारात जितकी कसून झाली तितकी फार थोड्या ठिकाणी झाली असेल.

जन्माला कारण झाला तो काँग्रेसचा जानेवारी १९५९ चा नागपूर ठराव. गावोगाव संयुक्त सहकारी शेती हे अंतिम उद्दिष्ट, तोवर तीन वर्षे सेवा सहकारी संस्थांची उभारणी, आणि त्या वर्षाअखेरपर्यंत कमाल जमीनधारणेचे कायदे, असा त्याचा आशय होता. एकत्र केलेल्या जमिनीवर शेतकऱ्याचा मालकी हक्क कागदोपत्री राहील आणि उत्पन्नात जमिनीच्या प्रमाणात त्याला वाटा मिळेल, असे ठरावात म्हटले होते. पण बांध मोडल्यावर मालकी कसली उरते, अशी शंका चरणसिंगांसारख्या खुद्द काँग्रेसमधल्या नेत्यांनीही घेतली. ही कल्पना काँग्रेसमध्ये तेव्हाच आली होती असे मात्र नाही. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सहकारी शेती सुरू करण्याचा प्रयत्न व्हावा, असे एक कलम होते. त्याच वेळी फैजपुरातच अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन भरले. मनमाडहून शेतकऱ्यांचा पायी मोर्चा त्यासाठी आला होता. त्या किसान सभेचे अध्यक्ष होते आंध्रातले प्रा. एन. जी. रंगा. तेवीस वर्षांनी सहकारी शेतीच्या विरोधात स्वतंत्र पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद याच रंगांकडे आले.

रंगांनी बाजू बदलली असे यावरून कोणी म्हणेल, पण ते पुरते खरे नाही. जमीन कसणाऱ्या कुटुंबाची असावी हे त्यांचे म्हणणे जमीनदाराविरुद्ध जसे लागू होते तसे सरकारविरुद्धही. मिनू मसानी यांचा प्रवास अधिक लांबचा. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष काढणाऱ्यांत ते होते. पुढे सोव्हिएत रशियातील घडामोडी पाहून ते समाजवादापासून दूर गेले आणि स्वतंत्र पक्षाचे सरचिटणीस झाले. तिसरे कन्हैयालाल मुन्शी, भारतीय विद्या भवनाचे संस्थापक. आणि सर्वांच्या वर राजाजी, वयाची ऐंशी वर्षे पुरी केलेले, गांधींचे व्याही, स्वतंत्र भारताचे माजी गव्हर्नर जनरल, रामायण-महाभारताचे लोकप्रिय पुनर्कथनकार. त्यांच्याभोवती गुजरात, राजस्थान, ओरिसा, बिहारातले संस्थानिक आणि जमीनदार जमले. मुंबईत ऑगस्ट १९५९ च्या पहिल्या दोन दिवसांत झालेल्या बैठकीत पक्षाची एकवीस तत्त्वे ठरली.

मालकीचे समर्थन करायला हे सगळे एकत्र आले असले तरी प्रत्येकाचा आधार वेगळा होता, आणि पक्षाचे तात्त्विक दुखणे नेमके इथे आहे. मसानींच्या लेखी मालमत्ता हे स्वातंत्र्याचे कवच: ज्याची भाकर सरकारच्या हातात तो सरकारविरुद्ध बोलणार कसा? रंगांच्या लेखी मालकी घामातून येते; जो कसतो त्याची जमीन. संस्थानिकांचा आधार परंपरा आणि भारत सरकारशी झालेले करार. राजाजींचा आधार धर्म. मालकी ही त्यांच्या मते मुख्यतः जबाबदारी होती, तिच्याबरोबर येणारे हक्क दुय्यम. या चारही भूमिकांचा शत्रू एक असल्याने त्या एका व्यासपीठावर मावल्या. पण घामाचा आधार खरा मानला तर बसून खाणाऱ्या जमीनदाराचे समर्थन होत नाही, आणि स्वातंत्र्याचा आधार मानला तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या स्वातंत्र्याचे काय, हा प्रश्न उरतो. पक्षाने ही गाठ कधी सोडवली नाही. एकवीस तत्त्वांबाहेरच्या विषयांवर सभासदांना आपापल्या विवेकानुसार मत देण्याची मोकळीक ठेवून त्याने ती तशीच बांधून ठेवली.

या प्रश्नावर भारतीय परंपरेत विचार झाला आहे, आणि तो समजला जातो त्यापेक्षा बराच लौकिक स्वरूपाचा आहे. पूर्वमीमांसेत विश्वजित नावाच्या यज्ञाची चर्चा येते. या यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग यजमान राजा असेल तर त्याने सारी पृथ्वी दान करावी काय? मीमांसकांचा निर्णय नकारार्थी आहे. राजा भूमीचे रक्षण करतो आणि त्याबद्दल कर घेतो. भूमीचा तो मालक नाही, म्हणून ती त्याला देता येत नाही. मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले नीलकंठ सतराव्या शतकात 'व्यवहारमयूख' लिहिताना हाच धागा पुढे नेतात: राज्य जिंकणाऱ्याला कर घेण्याचा हक्क मिळतो, घरे आणि शेते ज्यांची त्यांचीच राहतात. विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' याहून मूलगामी गोष्ट सांगते. स्वत्व, म्हणजे मालकी, ही लोकव्यवहारातून कळणारी गोष्ट आहे, शास्त्राने निर्माण केलेली नव्हे. ज्यांना शास्त्र माहीत नाही असे लोकही खरेदी-विक्री करतातच. मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानेच येतो, त्यामुळे बापही एकटा मालक ठरत नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी खानदेशासाठी हे दोन्ही ग्रंथ प्रमाण मानले होते.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि स्वतंत्र पक्षाने त्यातला एकच उचलला. राजा भूमीचा मालक नाही, हे त्याला फार सोयीचे होते; सहकारी शेतीला याहून सनातन उत्तर मिळणे कठीण. पण मालकी लौकिक असेल तर लोक ती बदलूही शकतात, हा दुसरा निष्कर्ष. शिवाय मिताक्षरेतली मालकी एकट्या व्यक्तीची नसून कुटुंबाची आहे आणि त्या कुटुंबातल्या बायकांना तीत जन्मसिद्ध वाटा नाही. धर्माचा आधार घेऊन व्यक्तीच्या मालकीचे मंडन करणाऱ्याला या दोन्ही अडचणींना तोंड द्यावे लागते.

राजाजींनी ज्या धर्माची भाषा केली ती स्मृतिग्रंथांतली कमी आणि गांधींकडून आलेली जास्त होती. ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रातून गांधींनी विश्वस्तपणाचा विचार काढला: हे सगळे ईश्वराचे, माणसाने त्यातले गरजेपुरते घ्यावे, बाकीचे समाजासाठी सांभाळावे. गंमत अशी की विश्वस्त या कल्पनेचा कायदेशीर अर्थ त्यांना आधी इंग्रजी न्यायशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उमगला होता आणि गीतेतल्या अपरिग्रहाचा उलगडा त्यातून झाला, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे. स्वतंत्र पक्षाने विश्वस्तपणाचे हे तत्त्व आपल्या ध्येयधोरणात घेतले. राजाजींनी त्याला संयमाची जोड दिली. संस्कृती म्हणजे संयम, ही त्यांची व्याख्या. माणसाला आतून आवरणारे काही नसेल तर बाहेरून आवरणारे सरकार वाढत जाते, आणि सरकार वाढले की आतला आवर आणखी सुटतो, असे त्यांचे निदान होते. एकत्र कुटुंब आणि जात यांच्याकडेही ते परस्परांना सांभाळून घेणाऱ्या संस्था म्हणून पाहत.

निदानाचा पहिला भाग आजही टाळता येण्यासारखा नाही. जातीविषयीचा भाग मात्र १९५९ च्या महाराष्ट्रात टिकणारा नव्हता. त्याच वर्षी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला आणि खानदेश हे त्याच्या मुख्य क्षेत्रांपैकी एक होते. पडीक आणि वनखात्याच्या जमिनी कसायला द्या, ही मागणी घेऊन हजारो माणसे तुरुंगात गेली. जातीने ज्यांना जमिनीपासून दूर ठेवले त्यांनी जातीकडे साहाय्यकारी संस्था म्हणून पाहावे, ही अपेक्षाच मुळात चुकीची. मद्रासेत मालकीच्या रक्षणासाठी पक्ष निघत होता तेव्हा साक्री-शिरपूरकडचा भूमिहीन मालकीच्या प्रवेशासाठी झगडत होता. दोघांची मागणी एकाच गोष्टीची होती हे मात्र विसरता येत नाही.

स्वतंत्र पक्ष महाराष्ट्रात का वाढला नाही, याचे ठरलेले उत्तर असे की इथे त्याला संस्थानिकांचे पाठबळ नव्हते, बहुजन शेतकरी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसबरोबर होता आणि विरोधाची जागा संयुक्त महाराष्ट्र समितीने व्यापली होती. हे खरेच आहे. १९५७ मध्ये समितीच्या लाटेत धुळ्याची लोकसभेची जागा जनसंघाचे उत्तमराव पाटील यांनी जिंकली; त्या निवडणुकीत जनसंघाचे देशभरात चारच खासदार आले, त्यातले हे एक. म्हणजे परंपरावादी मताला खानदेशात वाव नव्हता असे नाही. ते आधीच दुसऱ्या घरी गेले होते. पण याखेरीज एक कारण आहे आणि ते थेट मालकीच्या प्रश्नाशी भिडते. खानदेश रयतवारीचा मुलूख. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये उत्तरेतल्यासारखा जमीनदार नव्हता. प्रत्येक खातेदाराचे नाव सरकारी दप्तरात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांचीही नावे मालक म्हणून चढू लागली. त्यानंतर आलेल्या महाराष्ट्राच्या सहकाराने जमिनीला हात लावलाच नाही. कर्ज सोसायटीचे, सरकी काढायची जिनिंग संस्था सहकारी, विक्री संघामार्फत. पण बांध ज्याचा त्याचा. नागपूर ठरावातला भीतीदायक भाग महाराष्ट्राने शांतपणे वगळला आणि बाकीचा उचलला.

सातबाऱ्याचा उतारा हातात घेतला म्हणजे ही तडजोड डोळ्यांनी दिसते. वरच्या बाजूला गाव नमुना सात: गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार. त्याच भागात 'इतर हक्क' असा रकाना असतो. तिथे कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट आणि बहुतेक उताऱ्यांवर विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा. खाली नमुना बारा: कोणत्या हंगामात काय पेरले, कपाशी की ज्वारी की केळी. मालकीचे निरपेक्ष रूप या कागदावर कुठेच नाही. एकाच जमिनीवर मालक, कूळ, शेजारी, सोसायटी आणि सरकार या सर्वांचे काही ना काही लिहिलेले असते. स्वतंत्र पक्षाचे भाषण ऐकून आलेल्या शेतकऱ्याला आपली मालकी धोक्यात आहे असे या कागदावरून वाटण्याचे कारण नव्हते.

जपानचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथेही महायुद्धानंतर अल्पायुषी पुराणमतवादी पक्षांची रांग लागली होती. इचिरो हातोयामा यांचा जपान डेमोक्रॅटिक पक्ष नोव्हेंबर १९५४ मध्ये निघाला आणि वर्षभरात, नोव्हेंबर १९५५ मध्ये, लिबरल पक्षात मिसळून संपला. हातोयामांनाही आपल्या राजकारणाला नैतिक पाया हवा होता. 'बंधुभाव' या शब्दाभोवती त्यांनी तो बांधला. पक्ष बुडाला, पण विलीनीकरणातून आलेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष पुढे अडतीस वर्षे सलग सत्तेवर राहिला. त्याचा एक मोठा आधार होता युद्धोत्तर जमीनसुधारणेने कुळाचा मालक झालेला लहान शेतकरी. राज्याने सक्तीने जमीन वाटली आणि त्या वाटपातून मालकीचा रक्षक वर्ग तयार झाला. महाराष्ट्रात कूळकायद्याने असाच वर्ग घडवला. पण त्याची मते ज्याने कायदा केला त्या काँग्रेसला मिळाली. मालकीच्या बाजूने बोलणारा पक्ष आणि मालक करून देणारा पक्ष यांत शेतकऱ्याने दुसरा निवडावा, यात नवल नाही.

धर्मबुद्धीवर सोपवलेल्या मालकीचे खानदेशातले सर्वांत लक्षणीय स्मारक अमळनेरला आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापले. गिरणीचा मालक वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था काढतो, अभ्यासकांना विद्यावेतन देतो, राहायला जागा देतो आणि देशभरातून तत्त्वज्ञ बोलावतो, ही त्या काळातही विरळ घटना होती. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासबिहारी दास, घनश्यामदास मलकानी अशी माणसे या तालुक्याच्या गावी राहून गेली. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक इथून निघे. विश्वस्तपणाचे याहून चांगले उदाहरण राजाजींनाही देता आले नसते. पण मंदिरात ज्याचा अभ्यास चाले त्या अद्वैताचे मालकीबद्दल म्हणणे काय? शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच 'मी' आणि 'माझे' हा सगळा व्यवहार अध्यासावर, म्हणजे एकावर दुसरे लादण्याच्या मूळ चुकीवर उभा आहे असे सांगतात. तरीही तो व्यवहार चालू राहतो हेही त्यांना मान्य आहे. परमार्थात मालकी मिथ्या आणि व्यवहारात अबाधित. या दोन पातळ्यांमधून गिरणीतल्या मजुरीचा दर काही निघत नाही. अद्वैत श्रीमंताला दान करायला लावू शकते, पण त्याने किती ठेवावे हे सांगत नाही.

साने गुरुजी याच तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासक म्हणून काही काळ होते. मग अमळनेरच्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे १९३८ मध्ये 'काँग्रेस' साप्ताहिक काढून ते शेतकरी-कामगारांच्या लढ्यात उतरले. मधल्या काळात १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. पुढे १९५१ पासून विनोबांनी भूदानात जे केले ते या विचाराचे सरळ पुढचे पाऊल मानता येते. कायद्याची वाट न पाहता मालकाच्या दारात जाऊन त्याच्या धर्मबुद्धीला साद घालायची. स्वतंत्र पक्ष आणि विनोबा यांची साधने एकच होती, मन वळवणे. गंतव्य मात्र उलट दिशांना. विनोबांना मालकी शेवटी गावात विसर्जित व्हायला हवी होती. सातपुड्यातल्या अक्राणी भागात ग्रामदाने झाली ती बहुतेक आदिवासी पाड्यांची, जिथे खाजगी मालकीची पकड आधीच सैल होती. तापीकाठच्या काळ्या, केळी-कपाशीच्या जमिनीत धर्मबुद्धीला आलेले यश मर्यादितच राहिले. ज्यांच्याकडे सोडण्यासारखे थोडे होते त्यांनी सोडले, हे भूदानाविषयी इतरत्रही म्हटले गेले आहे.

स्वतंत्र पक्षाच्या तत्त्वज्ञानाची खरी कसोटी लागली ती तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, आज नंदुरबारमध्ये असलेल्या शहादा-तळोदा भागात. इथली भिल्ल कुटुंबे कागदावर खातेदार होती. पन्नास आणि साठच्या दशकांत त्यांच्या जमिनी सावकारी कर्जात, अंगठा घेतलेल्या कोऱ्या कागदांवर, नाममात्र खंडावर किंवा फेरफार नोंदीच्या एका ओळीत सधन शेतकऱ्यांकडे गेल्या, आणि जुना मालक त्याच शेतावर सालदार म्हणून राबू लागला. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्याच्या प्रश्नावरून आदिवासींवर गोळीबार झाला. भजनांतून लोकांना जागे करणारे अंबरसिंग महाराज, सर्वोदयी कार्यकर्ते आणि बाहेरून आलेले तरुण एकत्र आले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मोठ्या बागायतदारांच्या बाजूने पीक संरक्षणाच्या नावाखाली खाजगी बंदोबस्त उभा राहिला होता.

ध्यानात घेण्याजोगे हे की भिल्लांची मागणी समाजवादी नव्हती. सगळी जमीन सर्वांची करा, असे ते म्हणत नव्हते. आमच्या नावची जमीन आम्हाला परत द्या, असे म्हणत होते. लहान माणसाची मालकी आणि बळजबरीपासून तिचे रक्षण, म्हणजे अक्षरशः स्वतंत्र पक्षाचे तत्त्व. पण त्या पक्षाच्या विचारात मालकीला धोका असतो तो राज्याकडून. शेजाऱ्याकडून, सावकाराकडून, तलाठ्याच्या दप्तरातून येणाऱ्या धोक्याला त्या विचारात जागा नव्हती. मालकाला आवरायला त्याचा धर्म पुरेसा आहे असे एकदा मानले की धर्माने न आवरलेल्या मालकाचे काय करायचे, यावर बोलायला काही उरत नाही. राजाजींच्या विचारातली ही उणीव मोठी आहे, आणि ती केवळ व्यवहारातली नाही. संयमाचा उपदेश ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला करायचा असतो. ज्याची जमीन गेली त्याला संयम शिकवण्यात अर्थ नसतो, त्याला न्याय लागतो.

उपाय आला तो कायद्याने. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकाला परत मिळाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. त्या मुदतीची शेवटची तारीख आणि स्वतंत्र पक्षाचे विसर्जन यांत महिना-दोन महिन्यांचे अंतर आहे. अंमलबजावणी खडतर ठरली, पण तत्त्व स्पष्ट होते. बाजारातल्या दोन पक्षांनी केलेला व्यवहार, त्यातला एक पक्ष दुबळा असेल तर, सरकार मागे फिरवू शकते.

तोवर पक्षाची पडझड पूर्ण झाली होती. बँक राष्ट्रीयीकरणाविरुद्ध पक्षाचेच रुस्तम कूपर यांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने फेब्रुवारी १९७० मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिला. न्यायालयात मिळालेले हे यश मतपेटीत उतरले नाही. १९७१ मध्ये ४४ जागांच्या आठ झाल्या. राजाजी २५ डिसेंबर १९७२ रोजी गेले. १९७३ च्या एप्रिलमध्ये आलेल्या केशवानंद भारती खटल्याच्या निकालाने संसदेच्या हाताला मर्यादा घातली, पण मालमत्तेचा हक्क त्या मर्यादेच्या आत धरला नाही. सर्वसंगपरित्याग केलेल्या एका मठाधिपतीचे नाव मालमत्तेच्या खटल्यामुळे अजरामर व्हावे, हा योग विलक्षणच. पुढे लोकदल जनता पक्षात गेले आणि त्याच जनता सरकारने ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला. २० जून १९७९ पासून तो कलम ३०० अ खालचा साधा कायदेशीर हक्क उरला. महाराष्ट्रात मुंबईच्या काही जुन्या मंडळींनी विलीनीकरण न मानता पक्षाचे नाव जिवंत ठेवले होते, एवढेच.

स्वतंत्र पक्षाला जे श्रोते खानदेशात मिळाले नाहीत ते शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला १९८० नंतर मिळाले. कारण मधल्या काळात परिस्थिती बदलली होती. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. जमीन शेतकऱ्याची असली तरी तिच्यावर पिकलेला कापूस कोणाला आणि काय भावाने विकायचा हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला नाही. मालकीला राज्याकडून धोका असतो हे राजाजींचे म्हणणे जळगावच्या कपाशीवाल्याला आता स्वतःच्या अनुभवाने पटले. जोशींनी धर्माची भाषा फारशी केली नाही. त्यांचा भर भावावर आणि स्वातंत्र्यावर. तरीही मालकाच्या स्वेच्छेवर विसंबलेला एक मोठा प्रयोग त्यांच्याच संघटनेने केला, तो लक्ष्मीमुक्तीचा. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांनी आलेल्या या कार्यक्रमात नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा. आयुष्यभर राबणाऱ्या घरच्या लक्ष्मीचे हे ऋण आहे, दान नव्हे, असे सभांमधून सांगितले जाई. ज्या गावात शंभर किंवा अधिक कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे अशा गावांपैकी ठळकपणे नोंदले गेलेले.

विश्वस्तपणाच्या सगळ्या प्रयोगांत हा वेगळा पडतो. इथे मालकाने वरून देऊन पुन्हा मालकच राहायचे नव्हते. फेरफार होऊन सातबाऱ्यावर दुसरे नाव चढायचे होते. म्हणजे धर्मबुद्धीने सुरुवात करून शेवट सरकारी दप्तरात, जिथून एकट्याच्या मर्जीने मागे फिरता येत नाही. मिताक्षरेने जिला जन्मसिद्ध वाटा दिला नव्हता त्या घरच्या बाईला तो असा मिळाला. शेकडो गावांनी हे केले आणि हजारोंनी केले नाही. लेकींपुरता हा प्रश्न राज्याने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून सोडवला. सुनांपुरता तो अजून नवऱ्याच्या मनावरच आहे.

शरद जोशींनी १९९४ मध्ये जो राजकीय पक्ष काढला त्याला स्वतंत्र भारत पक्ष असे नाव दिले आणि राजाजींच्या पक्षाचा वारसा उघडपणे सांगितला. तोवर कायदा बदलला होता. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेल्या २९ अ कलमानुसार नोंदणी हव्या असलेल्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. जुन्या स्वतंत्र पक्षाचे नाव टिकवून ठेवणाऱ्या मंडळींनी या अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. राज्यसभेत २००४ ते २०१० या काळात खासदार असताना जोशींनी ती अट वगळण्यासाठी खाजगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही.